डब्यातली एकवीस बुचं

ते पत्र मी आधी माशाखाली घातलं.

सामन मासा धुरी देऊन काढला की त्याचं तेल गळत राहतं, म्हणून त्याच्याखाली जाड कागद घालायची आमच्याकडे पद्धत आहे. टपालाने येणाऱ्या जाहिराती मी त्यासाठीच साठवत असे. ते पाकीट चांगलं जाडजूड होतं. माझी थोरली बहीण हिल्मा टेबलाशी बसून काटे काढत होती. तिने मासा उचलला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "आयली, यावर काउंटीचा शिक्का आहे गं."

"असू दे. कर भरा, नाहीतर मत द्या. तिसरं काय सांगणार ते?"

"तुझं नाव चिठ्ठीत निघालंय म्हणे. तयार असलीस तर कळव, लिहिलंय. सात शनिवार हॅलडनला जायचं. दुपारचं जेवण त्यांचं." तिने कागद उजेडाकडे धरला. "बाकीचं तेलात गेलं. पण बोटीबद्दल आहे, एवढं नक्की."

बोटीबद्दल म्हटल्यावर मी हात धुतले.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी तेव्हा एकाहत्तरची होते, हिल्मा एकोणऐंशीची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडे आमचं ऑटर बेट. आमचे आजोबा फिनलंडहून आले आणि जाळी टाकून इथेच राहिले. पूल कधी झाला नाही. 'अल्मा' नावाची फेरीबोट होती, एका वेळी नऊ गाड्या नेणारी. तिच्यावरून आम्ही शाळेत गेलो, माशांच्या डबेबंदीच्या कारखान्यात कामाला गेलो, लग्नं करून आलो, आणि आमची माणसं पुरायला नेली. हिल्माची मूत्रपिंडं थकली तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठच्या बोटीने मी तिला नदीपलीकडे हॅलडनच्या दवाखान्यात डायलिसिसला नेत असे.

आता 'अल्मा' बंद होणार होती. काउंटीला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाराला, ती चालवणं जड जात होतं, आणि नवा कर लावायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं. दोनदा मत घेऊन झालं होतं. पहिला प्रस्ताव काउंटीच्या तीन कारभाऱ्यांनी लिहिला, तो पडला. दुसरा आम्ही बेटावरच्यांनी सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आणला. 'आमची बोट वाचवा' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. तो आधीच्यापेक्षा जोरात आपटला. डोंगरातल्या लाकूडतोड्यांनी म्हटलं, तुमची बोट, तुम्हीच वाचवा.

बोट बंद झाली असती तर हिल्माला हॅलडनच्या वृद्धाश्रमात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने मला आधीच बजावून ठेवलं होतं. "तिथे खिडकीतून पार्किंग दिसतं. मी आयुष्यभर नदी बघत भांडी घासली. आता पार्किंग बघत बसवणार असशील तर मी जेवणारच नाही." ती बोलल्याप्रमाणे वागणारी होती, हीच तर अडचण.

तिसऱ्या खेपेला कारभाऱ्यांना कुणीतरी सुचवलं की प्रस्ताव तुम्हीही लिहू नका आणि बोटवाल्यांनाही लिहू देऊ नका. सगळ्या काउंटीतून चिठ्ठ्या टाकून एकवीस साधी माणसं निवडा, त्यांना माहिती द्या, आणि ते जे लिहितील ते एक अक्षर न बदलता मतपत्रिकेवर छापा. कारभारी हो म्हणाले. मला वाटतं, पडलाच प्रस्ताव तर या वेळी दोष दुसऱ्याच्या माथी, असा हिशेब असावा. जी माणसं तयार झाली त्यांच्यातून एकवीस नावं कोर्टाच्या दालनात सर्वांसमोर काढली. चेंडू फिरवायचं यंत्र कोळ्यांच्या क्लबातून उसनं आणलं होतं. दर गुरुवारी त्यावर बिंगो, म्हणजे आकडे काढायचा हाउझीसारखा खेळ, चाले. झालं, गावाने आम्हाला नाव ठेवलं, 'बिंगोसभा'.

माझं नाव निघालं. बेटावरचं तेवढं एकच.

पहिल्या शनिवारी निघताना बोटीचा कप्तान एइनार म्हणाला, "आयली, आता सगळं तुझ्या जिभेवर आहे बघ."

"मग बुडालोच म्हण," सोडायला आलेली हिल्मा म्हणाली. "चाळीस वर्षं हॅलडनच्या चर्चमध्ये गाते, पण बोलताना हिला तोंड उघडता येत नाही."

ते खोटं नव्हतं. आमची माणसं मुळात अबोल. आणि त्या एकवीस जणांत निम्म्याहून अधिक आमच्यासारखेच, फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं. एक काल्ले निस्कानेन होता, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. दोन शनिवार तो माझ्या शेजारी बसला आणि "मीठ दे" एवढंच बोलला. सगळी तोंडं बंद, म्हणून एकच तोंड चाले, ते वर्नन टकेटचं. डोंगरात राहणारा, ओंडक्यांचे ट्रक हाकून निवृत्त झालेला, बोटीला दोन्ही वेळा नाही म्हणणारा. मला तो 'बेटवाल्या बाई' म्हणे.

"बेटवाल्या बाई, मी जन्मात तुमच्या बोटीवर पाय ठेवला नाही. मी का पैसे भरू?"

घरी आल्यावर मला चोख उत्तरं सुचायची, ती मी हिल्माला ऐकवायची.

"मला काय सांगतेस," ती म्हणायची. "मी कुठे डोंगरात राहते?"

सभा चालवायला टेसा नावाची मुलगी पोर्टलंड शहरातून येत असे. असेल तिशीची. रंगीत कागद, जाड पेनं, आणि मनापासून काम. तिसऱ्या शनिवारी तिने फळ्यावर वर्ननचं म्हणणं लिहिलं. बोटीच्या फेऱ्या निम्म्या कराव्यात, सकाळच्या बंद कराव्यात, दुपारच्या ठेवाव्यात. मग आमच्याकडे वळून विचारलं, "कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही. घड्याळ ऐकू येत होतं. काल्लेने आपल्या बुटांकडे पाहिलं. दोघांनी खिडकीबाहेर. टेसाने आनंदाने खाली लिहिलं, 'सर्वानुमते'.

सकाळची बोट म्हणजे हिल्माची बोट. कॉफीची सुट्टी झाली तेव्हा कुठे मी टेसाजवळ गेले.

"मुली, ते सर्वानुमते लिहिलंयस ना, ते पूस."

"पण आयलीबाई, कुणी काहीच बोललं नाही."

"तेच तर सांगते. मौन म्हणजे संमती असं ज्याने म्हटलं तो आमच्या नदीवर कधी आलेला नाही. आमच्यातल्या माणसाला पटलं की तो हो हो म्हणत सगळ्यांच्या कपांत कॉफी ओततो. गप्प बसून बूट बघायला लागला, की समज, त्याला मुळीच पटलेलं नाही. तीन शनिवार तू आमचा नकार होकार म्हणून उतरवून घेते आहेस."

तिचा चेहरा उतरला. तिने तीन आठवड्यांचे कागद समोर पसरले. जिथे जिथे 'सर्वानुमते' होतं तिथे तिथे बोट ठेवून ती माझ्याकडे बघत गेली आणि मी मान हलवत गेले. शेवटी ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. "आयलीबाई, मग मी करू तरी काय? यांना बोलतं कसं करू?"

"पुढच्या शनिवारी मी डबा आणते," मी म्हटलं.

डबा माझ्या नवऱ्याचा. कॉफीचा जुना लाल पत्र्याचा, झाकण चेपलेलं. नदीच्या तळाशी बुडालेले ओंडके, मुळं अडकलेली असतात, त्यांत जाळी फाटतात. म्हणून कोळ्यांचे गट होते. दर हिवाळ्यात मिळून आपापला पट्टा साफ करायचा, आणि त्या पट्ट्यात फक्त त्या गटाने जाळी टाकायची. पण पहिलं जाळं कुणाचं? पहिल्याला मासा जास्त. त्यावरून डोकी फुटली असती. म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी धक्क्यावर डबा फिरे. आत जाळं तरंगतं ठेवणारी लाकडी बुचं, प्रत्येकावर आकडा कोरलेला. जो आकडा येईल त्या क्रमाने जायचं. दुसऱ्याच्या वेळेत जाळं टाकायचं नाही. गटात मोठा कोण, जुना कोण, मेहुणा कोणाचा, काही बघायचं नाही. माझा नवरा आयुष्यात दोनदाच पहिला आला, पण त्याने डब्याला कधी शिवी दिली नाही. तो जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. डबा फळीवर तसाच होता.

चौथ्या शनिवारी मी तो टेबलावर ठेवला आणि कशासाठी ते सांगितलं. एवढं लांब भाषण मी त्याआधी केलं नव्हतं. ज्याचा आकडा त्याने बोलायचं, हवं तेवढं. कुणी मध्ये बोलायचं नाही. आणि एक फेरी पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यांदा बोलायचं नाही.

"बिंगोच्या आत बिंगो," वर्नन म्हणाला आणि हात घातला. एकवीस. सगळ्यांत शेवटचा.

"तुझं नशीब, वर्नन," मागून कुणीतरी म्हणालं. "दर वेळी बोलण्यात गार करतोस, आज जेवण गरम खाशील."

पहिलं बूच काल्लेला आलं. तो उभा राहिला. बराच वेळ बुचाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या बापाने असलंच बूच कोरलं होतं." आणि मग तो माणूस वीस मिनिटं बोलला. अल्माचं इंजिन कुठे झिजलंय, काय बदललं तर ती आणखी वीस वर्षं चालेल, त्यात कितीचा खर्च नुसता आळसापायी होतोय. कुणी विचारलंच नव्हतं त्याला. मग हॅलडनच्या दुकानातली एक मुलगी बोलली, मग एक मास्तर. डबा फिरला की मुक्या माणसाचीही सुटका नसते, आणि बडबड्याचीही. माझा आकडा आठवा होता. मी हिल्माबद्दल सांगितलं, पार्किंगच्या खिडकीसकट. रडले नाही. आमच्यात रडत नाहीत.

वर्ननचा आकडा आला तेव्हा साडेतीन वाजले होते. वीस जणांचं ऐकून तो जरा ढिला पडला होता. नेहमीसारखा ताठ उभा राहिला नाही, बसूनच बोलला.

"माझ्या भावाच्या पायावर ओंडका आला. ड्वाइटच्या. फोन केला तर ॲम्ब्युलन्स पंचावन्न मिनिटांनी आली. पंचावन्न. मी रस्त्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. आता तो एका पायावर चालतो. तुमच्याकडे निदान बोट तरी आहे, बेटवाल्या बाई. आमच्याकडे रस्ता आहे, पण गाडीच येत नाही. आणि आमच्यासाठी कुणी प्रस्ताव लिहिला नाही. एकदासुद्धा."

मला तिथेच बोलायचं होतं. जन्मात पहिल्यांदा मला सभेत बोलायची घाई झाली होती. पण फेरी संपली होती, शनिवारही संपला होता. आठवडाभर ते एक वाक्य मी तोंडात धरून हिंडले. हिल्माला डायलिसिसला नेताना म्हणून बघितलं, बोटीच्या कठड्याला टेकून म्हणून बघितलं.

"हे चांगलं आहे," हिल्मा म्हणाली. "आता विसरू नकोस."

पाचव्या शनिवारी मला तीनचं बूच आलं. मी म्हटलं, "वर्ननचा भाऊ आणि माझी बहीण एकाच जागी अडकलेत. दोघांनाही दवाखान्यात वेळेवर पोचायचंय. आपण बोटीचा प्रस्ताव लिहूच नये. दवाखान्यापर्यंत पोचण्याचा लिहावा."

मग पुढे ज्याचा आकडा आला त्याने त्यात एकेक शब्द घातला किंवा काढला. दुपारपर्यंत टेसाच्या फळ्यावर एवढंच उरलं होतं: 'या काउंटीतल्या कोणत्याही घरापासून दवाखान्यात पोचायला पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागू नये. त्यासाठी डोंगरात एक ॲम्ब्युलन्स ठेवावी आणि फेरीबोट चालू ठेवावी.'

टेसाने ते मोठ्याने वाचलं. "कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही. घड्याळ ऐकू येत होतं. टेसाने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मीही घाबरले होते.

तेवढ्यात काल्ले उठला. कोपऱ्यातली कॉफीची किटली घेतली आणि पहिला कप वर्ननचा भरला. मग शेजारचा. "हो, हो," कुणीतरी म्हणालं. "हो, हो," दुसरीकडून आलं. किटली टेबलाभोवती फिरली. टेसा पेन हातात धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. पोर्टलंडचीच ती, तिला चालतं. शेवटी काल्लेने तिचाही कप भरला. तेव्हा तिने लिहिलं, 'सर्वानुमते'.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. दोन्ही गोष्टी एका करात बसवायच्या तर काहीतरी सोडावं लागणार होतं. सहाव्या शनिवारी सगळे आपापल्या कपात बघत बसले होते. माझा आकडा आला तेव्हा मी म्हटलं, "रविवारच्या फेऱ्या सोडा. रविवारी डायलिसिस नसतं. कुणी आजारी पडलंच तर एइनारने बोट काढावी, एरवी नाही."

"रविवारी तुमचं चर्च असतं ना?" वर्ननने विचारलं. त्याचा नंबर नव्हता, पण त्या वेळी कुणी त्याला अडवलं नाही.

"असतं."

घरी हे ऐकून हिल्माने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "चाळीस वर्षं वरच्या पट्टीत गात होतीस. तुझ्यावाचून ते गाणं कसं लागेल याचा विचार केलास?"

"जरा खाली लागेल."

"लागू दे," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला. तिने असं माझ्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

सातव्या शनिवारी आम्ही एकवीस जणांनी सह्या केल्या. काउंटीने प्रस्तावाबरोबर प्रत्येक घरी पत्रक पाठवलं. त्यात आमची नावं, गावं आणि धंदे, बस. कुठल्या पक्षाचं नाव नाही, कुणा मोठ्या माणसाचा फोटो नाही. डबेबंदी कारखान्यातली निवृत्त कामगार. ट्रकचालक. इंजिन दुरुस्ती. दुकानातली विक्रेती. सुरुवातीला हॅलडनच्या बाजारात लोक चिडवायचे, "काय आयली, आज कोणता आकडा?" मी म्हणायची, "तीन. तुमच्या बायकोला विचारा, पत्रक वाचलंय का तिने." बहुतेकांनी वाचलं होतं. आपल्यासारख्याने लिहिलेलं माणूस वाचतो.

वर्नन पत्रकांचा गठ्ठा घेऊन डोंगरातल्या दारूच्या गुत्त्यात बसला. त्याचा पुतण्या नंतर मला म्हणाला, "काका तीन आठवडे तिथे ठाण मांडून होता, आणि एक थेंब प्यायला नाही. लोक त्यालाच घाबरले." ज्याने बोटीला दोनदा पाडलं तोच आता बोटीसाठी मत मागतो म्हटल्यावर लोकांना कान द्यावाच लागला.

आमच्याकडे मतपत्रिका टपालाने येतात. हिल्माने आपली तीन वेळा वाचली, पाकिटावर सही केली, आणि सही दिसते ना हे मला दोनदा बघायला लावलं. पेटीत टाकायला स्वतः आली.

निकाल लागला तो बुधवार होता, म्हणून आम्ही आठच्या बोटीवर होतो. आकाश स्वच्छ, नदी काचेसारखी. हिल्मा गाडीत बसली होती, गुडघ्यांवर घोंगडी. मी कठड्याशी उभी होते आणि मागे वळून बघत नव्हते, कारण वर केबिनमध्ये एइनार फोन कानाला लावून उभा होता.

मग भोंगा वाजला.

अल्माचा भोंगा फक्त धुक्यात वाजवायचा, असा नियम आहे. एवढ्या लख्ख सकाळी तो वाजला तेव्हा बेटावरची माणसं अंगणात आली, आणि समोर हॅलडनच्या धक्क्यावरची माणसं मान वर करून बघायला लागली. एइनारने तो थांबवलाच नाही. लांबलचक, खर्जातला, आमच्या लहानपणी ऐकू यायचा तसाच. भोंगा दाबून धरूनच त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं. शंभरातली त्रेसष्ट मतं. आणि डोंगरातले तिन्ही मतदार विभाग आमच्या बाजूने, तिन्हीच्या तिन्ही.

मी हिल्माच्या गाडीपाशी गेले. तिने काच खाली केली.

"किती?"

"त्रेसष्ट."

"उरलेले सदतीस कोण, ते विचार त्याला," ती म्हणाली. मग काच वर केली आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. काचेतून दिसत होतं, घोंगडी हलत होती. आमच्यात रडत नाहीत, म्हणून मी नदीकडे तोंड केलं. माझंही तेच चाललं होतं.

हिल्मा त्यानंतर साडेचार वर्षं जगली, सगळी आपल्याच खिडकीत. पुढच्या प्रश्नांसाठीही काउंटीने चिठ्ठीसभा बोलावल्या. आजवर सहा झाल्या. त्यांना कुणी बिंगो म्हणत नाही. डबा आता काउंटीच्या कचेरीत असतो. झाकण अजून बसत नाही.

त्या निकालानंतरच्या मे महिन्यात वर्नन पहिल्यांदा बेटावर आला. डोंगरातल्या ॲम्ब्युलन्सवर तो तेव्हा आठवड्यातून दोन दिवस फुकट चालक म्हणून काम करत होता. ट्रक घेऊन धक्क्यावरच्या रांगेत उभा राहिला, तर एइनारने त्याला ओळखून पुढे यायची खूण केली. वर्नन जागचा हलला नाही. काच खाली करून म्हणाला, "माझा नंबर चौथा आहे."

आम्ही त्याला जेवायला ठेवून घेतलं. हिल्माने स्वतः मासा काढून टेबलावर ठेवला, वाफाळता, खाली कागद घालून. वर्ननने पहिला तुकडा उचलला आणि तो थांबला. त्याने वाकून बघितलं.

"हिल्माबाई, हे माझं नाव आहे."

काउंटीने आम्हा एकवीस जणांना आभाराचं पत्र दिलं होतं, प्रत्येक पत्रावर एकवीसही नावं. सोनेरी कडा, तिन्ही कारभाऱ्यांच्या सह्या. माझं मी कपाटावर ठेवलं होतं, असं मला वाटत होतं.

"चांगला जाड कागद आहे," हिल्मा म्हणाली. "खा तू. कॉफी ओतू?"

"हो, हो," वर्नन म्हणाला.